टॅनरी ते न्हावा-शेवा: चामड्याच्या छोट्या कारखान्याने मालाची साखळी कशी बांधावी

धारावीतील चामड्याच्या कारखान्यात ऑर्डर रखडली की बोल लागतो तो शिवणाऱ्या कारागिराला. प्रत्यक्षात ती बहुधा सहा-सात आठवडे आधीच रखडलेली असते. नमुना पक्का नसताना चामड्याचा दर ठरलेला असतो, दर ठरला म्हणून माल मागवलेला असतो आणि माल आल्यावर तो पुरत नाही हे पहिल्यांदा कटिंगच्या टेबलावर कळते. दहा ते चाळीस माणसांच्या ज्या कारखान्यांत बॅगा, पाकिटे किंवा पट्टे तयार होतात, त्यांच्या मालकांसाठी आणि मुकादमांसाठी हा लेख आहे. यातील कामे बहुतेकांना ठाऊक आहेत, पण ती कोणत्या क्रमाने करावीत यात गल्लत होते.

एक गोष्ट आधी मनात पक्की असावी. धारावीतील टॅनऱ्या, म्हणजे कातडे कमावण्याचे कारखाने, केव्हाच हलल्या. देवनारच्या कत्तलखान्यातून निघणारे कातडेही मीठ लावून मुंबईबाहेर जाते आणि चेन्नई, कानपूर किंवा कोलकात्याच्या पट्ट्यात कमावले जाते. आपल्या टेबलावर येणारे चामडे त्यामुळे हजाराहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून आलेले असते. चूक झाली तर दुपारी रिक्षा पाठवून दुसरा माल आणता येईल, अशी ही साखळी नाही.

पुढे समजावण्यासाठी एकच उदाहरण घेतले आहे: 300 लॅपटॉप बॅगांची ऑर्डर 1 सप्टेंबरला मिळाली असून माल 20 नोव्हेंबरला कारखान्यातून निघायचा आहे. त्यातले आकडे नमुन्यादाखल आहेत; त्यांच्या जागी आपले घालावेत.

## टप्पा 1: ऑर्डर कागदावर आणि नमुना मोहोरबंद

खरेदीदाराने मोबाइलवर पाठवलेला फोटो म्हणजे ऑर्डर नव्हे. बॅगेच्या प्रत्येक भागासाठी एका पानावर पुढील गोष्टी लिहून काढाव्यात: चामडे कोणत्या जनावराचे, क्रोमने कमावलेले की वनस्पतिजन्य, जाडी किती, फिनिश कोणते, रंगाचा तुकडा कोणता, अस्तर कोणते, चेन आणि बक्कल कोणत्या छटेचे, दोऱ्याची जाडी किती आणि एका इंचात टाके किती. जाडी आकड्यात आणि मान्य फरकासह लिहावी. बॅगेच्या अंगासाठी 1.2 ते 1.4 मिलिमीटर असे स्पष्ट लिहिले नाही, तर ‘मीडियम’ या शब्दाचा अर्थ टॅनरी तिच्या सोयीने लावते आणि पुढे स्कायव्हिंगचे, म्हणजे चामड्याच्या कडा तासून पातळ करण्याचे, काम दुप्पट होते.

या पानावरून एक बॅग शिवावी. ती खरेदीदाराने मंजूर केली की तिच्यावर दोघांच्या सहीचे लेबल शिवून ती कपाटात ठेवावी. पुढचा प्रत्येक वाद या बॅगेसमोर मिटवायचा असतो, त्यामुळे ती कारागिराला ‘बघून शिव’ म्हणून देऊ नये. त्याच्यासाठी दुसरी शिवावी.

सावधान: माल युरोपला जाणार असेल तर रासायनिक अटी याच पानावर उतरवाव्यात. त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम सहा (क्रोमियमचे घातक रूप) हे किलोमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे, असा नियम युरोपीय संघात 1 मे 2015 पासून आहे. बंदी असलेल्या ॲझो रंगांपासून सुटणाऱ्या अमाइन्ससाठी मर्यादा किलोमागे 30 मिलिग्रॅम आहे. चामडे फिनिश झाल्यावर या अटी सांगण्यात अर्थ नसतो, कारण तेव्हा रंग आणि तेल चामड्यात मुरलेले असते.

## टप्पा 2: तारखा शेवटाकडून मोजाव्यात

हाच टप्पा सर्वाधिक वगळला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऐंशी दिवस ऐकायला भरपूर वाटतात. ते 20 नोव्हेंबरपासून मागे मोजून पाहावेत.

तपासणी आणि पॅकिंगला पाच दिवस धरले तर ते काम 15 नोव्हेंबरला सुरू झाले पाहिजे. दिवसाला पंधरा बॅगा या वेगाने शिवणकामाचे वीस दिवस होतात. त्यात चार रविवार आणि दिवाळीचे पाच दिवस मिळवले की एकोणतीस होतात, म्हणजे शिवणकाम 17 ऑक्टोबरला सुरू व्हायला हवे. कटिंग, स्कायव्हिंग आणि कडा रंगवणे यांना आठ दिवस दिले की 9 ऑक्टोबर येतो. आलेल्या चामड्याच्या तपासणीला पाच दिवस लागतात, म्हणजे 4 ऑक्टोबर. चेन्नईहून माल यायला पाच दिवस, म्हणजे तो 29 सप्टेंबरला तिथून निघाला पाहिजे. टॅनरीला क्रस्टपासून, म्हणजे वाळवलेल्या अर्धतयार चामड्यापासून, फिनिश करायला एकवीस दिवस हवे असतील, तर पक्की ऑर्डर 8 सप्टेंबरला सकाळी तिच्या हातात असावी लागते.

ऐंशी दिवसांतून नमुना, दर आणि निर्णय यांच्या वाट्याला उरले ते अवघे सात दिवस. व्यवहारात या सात दिवसांचे वीस होतात आणि ते तेरा दिवस पुढे कारागिराच्या रात्रपाळीतून वसूल केले जातात.

याच हिशेबातून चामडे कोणत्या अवस्थेत विकत घ्यावे हेही ठरते. वेट ब्ल्यू म्हणजे क्रोमने कमावलेले पण ओले, निळसर चामडे. क्रस्ट म्हणजे ते पुढे चालवून वाळवलेले, पण फिनिश न दिलेले चामडे. टॅनरी वेट ब्ल्यूपासून सुरुवात करणार असेल, तर आपल्या उदाहरणातली तारीख पहिल्याच दिवशी हुकलेली आहे. ‘क्रस्ट तयार आहे ना, किती फूट आहे आणि कोणत्या जाडीचे आहे’ हा प्रश्न दराच्या आधी विचारावा.

तारखा मोजताना भिंतीवरचे कॅलेंडर समोर ठेवावे. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर असतो, तर चेन्नईच्या पट्ट्यात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. तिथे चामडे वाळायला उशीर होतो आणि ट्रकही अडकतात. कानपूरच्या जाजमऊ भागातील टॅनऱ्यांवर गंगास्नानाच्या पर्वकाळात बंदी येते. 2019 च्या कुंभमेळ्यासाठी त्या काही महिने बंद ठेवल्या गेल्या, तेव्हा एकाच टॅनरीवर विसंबलेल्यांचे हाल झाले. बकरी ईदनंतर कच्च्या कातड्याची आवक एकदम वाढते आणि भाव उतरतो, पण घाईत मीठ कमी किंवा उशिरा लागलेले कातडेही त्याच गर्दीत बाजारात शिरते. त्याचा दाणा (चामड्याचा वरचा पोत) सुटलेला किंवा खरवडल्यासारखा असतो आणि तो दोष फिनिशखाली काही काळ झाकला जातो. ही ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकत असल्याने मागच्या वर्षीचा अंदाज यंदा चालत नाही.

कारागीर रमजान ईद, छठ आणि गणपतीला गावी जातात हे कुणाला सांगावे लागू नये. तरीही दर वर्षी त्या आठवड्यांत शिवणकाम पूर्ण वेगाने चालेल असे गृहीत धरलेली वेळापत्रके मी पाहतो.

पडताळणी: वेळापत्रकात प्रत्येक टप्प्यासमोर एका माणसाचे नाव आहे का? ‘टॅनरी’ हे नाव नव्हे. तिथल्या ज्या माणसाला फोन करायचा त्याचे नाव लिहावे.

## टप्पा 3: दर फुटाचा नव्हे, कामी येणाऱ्या फुटाचा

चामडे चौरस फुटावर विकले जाते, पण बॅग बनते ती त्यातल्या वापरता येण्याजोग्या भागातून. भोके, खरचटण्याचे व्रण, गोचिडीचे डाग, सोलताना लागलेले सुरीचे वार आणि पोटाकडचा सैल भाग वगळून जे उरते, तेच आपण विकत घेतले असे समजावे.

दोन टॅनऱ्यांची नमुन्याची कातडी मागवावीत. प्रत्येकी दोन-तीन चालणार नाहीत, किमान सहा हवीत. आणि ती ‘चांगली निवडून’ नव्हे, तर ज्या ग्रेडची खरेदी करायची त्या ग्रेडच्या थप्पीतून सरसकट काढलेली असावीत. पुठ्ठ्याचे साचे त्यांच्यावर प्रत्यक्ष मांडून, खडूने आखून, किती टक्के भाग साच्यांखाली आला ते मोजावे. या चाचणीत कापण्याची गरज नसते, त्यामुळे खर्च जवळजवळ शून्य आहे.

आपल्या बॅगेच्या साच्यांचे निव्वळ क्षेत्र 5 चौरस फूट (पुढे नुसते ‘फूट’) असेल तर 300 बॅगांना 1,500 फूट कामी येणारे चामडे लागेल. पहिल्या टॅनरीचा दर 90 रुपये आणि वापर 82 टक्के निघाला, तर 1,829 फूट घ्यावे लागेल आणि खर्च सुमारे 1,64,600 रुपये होईल. दुसरीचा दर 80 रुपये पण वापर 68 टक्के असेल, तर 2,206 फूट लागून खर्च सुमारे 1,76,500 रुपयांवर जाईल. फुटामागे दहा रुपये वाचवणारा सौदा इथे बारा हजारांनी महाग पडतो. दोष चुकवत कापण्यात जाणारा कटरचा वेळ तर या हिशेबात धरलेलाच नाही.

मात्र उलटेही घडते. पाकिटे, किल्लीचे पट्टे किंवा घड्याळाचे पट्टे असे लहान तुकड्यांचे काम असेल, तर साचे दोषांच्या मधल्या जागांत बसतात आणि खालचा ग्रेड खरोखरच स्वस्त पडतो. म्हणून चाचणी प्रत्येक नव्या वस्तूसाठी नव्याने करावी.

## टप्पा 4: खरेदीची लेखी ऑर्डर

व्हॉट्सॲपवर ‘भाई, 1,900 फूट टॅन भेज दो’ एवढ्यावर होणारे व्यवहार अनेक वर्षे चालत आले आहेत आणि त्यांत विश्वास असतो हे मला मान्य आहे. पण वाद झाला की त्या संदेशात जाडी सापडत नाही, ग्रेड नसतो आणि तारीखही नसते. एका पानाच्या खरेदी-ऑर्डरमध्ये जनावर, अवस्था, जाडी, ग्रेड, मंजूर रंगाच्या तुकड्याचा क्रमांक, एकूण फूट, मोजमापातील मान्य फरक, पाठवण्याची तारीख आणि परत घेण्याची अट एवढे असावे. जनावराचा उल्लेख बिलावरही हवाच. 2015 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, तर म्हशीला ती लागू नाही. त्यामुळे म्हैस, शेळी किंवा मेंढी असा नेमका शब्द असलेले बिल रस्त्यात आणि गोदामात उपयोगी पडते.

ऑर्डरचे संपूर्ण चामडे एकाच लॉटमधून, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्यावे आणि वापराच्या हिशेबावर पाच टक्के जास्त मागवावे. हा नियम मी महाग शिकलो. चाळीस कातडी कमी पडली म्हणून त्याच टॅनरीतून, त्याच रंगक्रमांकाचा दुसरा लॉट मागवला. तो ट्यूबलाइटखाली जुळला आणि उन्हात नेल्यावर तांबूस निघाला. साठ बॅगांचे हँडल अंगापेक्षा वेगळे दिसू लागले होते, आणि तोवर ते शिवून झाले होते.

दुसऱ्या टॅनरीला पूर्ण सोडू नये. वर्षभरातल्या खरेदीचा काही भाग तिच्याकडून घेत राहिले, तर पूर, बंदी किंवा संपाच्या काळात ती आपला फोन उचलते.

परराज्यातून येणाऱ्या मालाची किंमत 50,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागते. वाहन क्रमांक बदलला की ते अद्ययावत करावे लागते. बिल असूनही त्यात जुना क्रमांक राहिल्याने ट्रक थांबतो.

पडताळणी: चाचणी अहवाल मागितला असेल तर त्यावर आपला लॉट क्रमांक, रंग आणि तारीख आहे का ते पाहावे. दोन वर्षांपूर्वीच्या काळ्या चामड्याचा अहवाल यंदाच्या टॅन, म्हणजे तपकिरी, चामड्यासाठी पुढे केला जातो, आणि खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत ते लगेच उघडे पडते.

## टप्पा 5: चेन, बक्कल, अस्तर

ही खरेदी चामड्याच्या खरेदीबरोबरच सुरू व्हावी, नंतर नव्हे. 300 बॅगा पूर्ण शिवून केवळ रनर (चेन उघडण्याची सरकती कडी) न मिळाल्यामुळे आठवडाभर पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. धातूच्या सर्व वस्तूंचे प्लेटिंग एकाच छटेचे हवे असेल तर त्या एकाच पुरवठादाराकडून, एकाच खेपेत घ्याव्यात. ‘अँटिक’ या एका नावाखाली बाजारात किमान चार छटा विकल्या जातात. पाच टक्के जास्त हा नियम इथेही लागू आहे. डाग धरणारे बक्कल ओळखण्यासाठी दोन नग मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात रात्रभर गुंडाळून ठेवावेत.

## टप्पा 6: माल उतरवताना तपासणी

ट्रान्सपोर्टच्या गोदामातून गठ्ठा आला की तो थेट कटरकडे जातो, ही सर्वांत महागडी सवय आहे. एकदा सुरी लागली की टॅनरी काहीही परत घेत नाही, आणि तिचे म्हणणे रास्तच असते. तपासणी पुढील क्रमाने करावी.

1. गठ्ठा उघडण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा. ओल, फाटके वेष्टन किंवा तेलाचे डाग असतील तर ट्रान्सपोर्टच्या पावतीवर तसे लिहूनच सही करावी.

2. कातडी मोजावीत आणि मागच्या बाजूला शिक्क्याने मारलेल्या फुटांची बेरीज बिलाशी ताडावी. मग कोणतीही दहा कातडी निवडून स्वतः मोजावीत. पारदर्शक प्लास्टिकवर तीन इंचांचे चौकोन आखून घेतले की सोळा चौकोनांचा एक फूट होतो. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरावा, कमी भरलेला सोडावा. मान्य फरकापेक्षा जास्त तूट दिसली तर सगळा लॉट यंत्रावर मोजून घ्यावा.

3. जाडीमापकाने प्रत्येक कातड्याची जाडी मान, पाठ आणि पोट अशा तीन ठिकाणी पाहावी.

4. रंग दिवसाच्या उजेडात, सावलीत, मंजूर तुकड्याशेजारी ठेवून पाहावा. कातडी छटेनुसार दोन-तीन थप्प्यांत लावली की एका बॅगेचे सर्व भाग एकाच थप्पीतून कापता येतात.

5. पांढरे सुती कापड आधी कोरडे आणि मग ओले करून चामड्यावर वीस वेळा घासावे. तुकडा चार पदरी घडी घालून फिनिशला तडे जातात का तेही बघावे.

आढळलेले दोष त्याच दिवशी, फोटोंसह, लेखी कळवावेत.

क्रोमियम सहाची चाचणी याच वेळी प्रयोगशाळेला द्यावी. ते कमावताना घातलेले नसते. साध्या क्रोमियम तीनपासून ते नंतर, ऊन, उष्णता आणि काही प्रकारच्या तेलांमुळे तयार होते. म्हणूनच टॅनरीत उत्तीर्ण झालेले चामडे पत्र्याच्या छपराखाली दोन महिने तापल्यावर नापास होऊ शकते. प्रयोगशाळेकडे कृत्रिमरीत्या जुने केल्यानंतरची चाचणी मागावी.

## टप्पा 7: मुंबईच्या दमट हवेत साठवण

हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरू लागते, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा दिवसचे दिवस त्या रेषेच्या वर असते. चामडे जमिनीपासून किमान सहा इंच वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता आणि कापडाखाली ठेवावे. घट्ट प्लास्टिकमध्ये बांधलेले चामडे आपलीच वाफ शोषत राहते. खोलीत आर्द्रतामापक टांगावा; तो काही शे रुपयांत मिळतो.

बुरशी दिसली तर ते कातडे आधी इतरांपासून वेगळे करावे, कोरड्या फडक्याने खोलीबाहेर पुसावे आणि वाऱ्यावर सावलीत वाळवावे. उन्हात टाकू नये. वनस्पतिजन्य चामडे, म्हणजे हिरड्याच्या फळात किंवा बाभळीच्या सालीत कमावलेले, याबाबत अधिक नाजूक असते.

## टप्पा 8: कटिंग आणि बाहेरचे काम

पाठीकडचा घट्ट भाग दर्शनी अंगाला आणि हँडलला वापरावा; पोट आणि पायांकडचा भाग आतील पट्ट्यांना. कटरला मजुरी केवळ नगावर दिली तर तो वेगाने आणि उधळपट्टीने कापतो. ठरलेल्या फुटांपेक्षा चामडे वाचवले तर त्याचा वाटा त्याला द्यावा, असे माझे मत आहे. त्यातून निघणारी बचत त्या वाट्याहून मोठी असते.

एका बॅगेचे सर्व तुकडे एका गठ्ठ्यात बांधून त्यावर क्रमांक टाकावा. स्कायव्हिंग, छाप मारणे किंवा कडा रंगवणे बाहेर दिले जाते तेव्हा माल डिलिव्हरी चलनावर जावा आणि त्या चलनावर नग लिहिलेले असावेत. जीएसटीच्या नियमानुसार जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कामाला, दिलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. आपल्याला तो एका आठवड्यात हवा असतो, म्हणून परतीची तारीखही चलनावर घालावी.

सावधान: क्रोम चामड्याच्या कात्रणांची होळी करू नये, जळताना त्यातले क्रोमियम घातक रूपात बदलते. मोठी कात्रणे लहान वस्तू बनवणाऱ्यांना विकावीत आणि उरलेली कचरा उचलणाऱ्या अधिकृत माणसाला द्यावीत.

## टप्पा 9: पॅकिंग आणि रवानगी

सोल्युशन (चिकटवण्याचा डिंक) सुकायला किमान एक रात्र द्यावी आणि मगच बॅग पिशवीत भरावी. ओलावा शोषणाऱ्या पुड्या घेताना त्यांत डायमिथाइल फ्युमरेट हे बुरशीनाशक नाही असे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे, कारण युरोपात त्याची मर्यादा किलोमागे फक्त 0.1 मिलिग्रॅम आहे. पॅलेट लाकडी असेल तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. पॅकिंग यादी, बिल आणि खोक्यांवरचे क्रमांक दोन वेगवेगळ्या माणसांनी ताडावेत. न्हावा-शेव्याला कंटेनर स्वीकारण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. वेळापत्रकात तीच लिहावी.

## टप्पा 10: पैसे आणि लॉटची वही

आपल्यापैकी अनेकांचा खरेदीदार परदेशात नसून मुंबईतलाच निर्यातदार असतो आणि पैसे नव्वद, कधी एकशेवीस दिवसांनी येतात. मग टॅनरीला उशीर होतो आणि पुढच्या वेळी ती आपला लॉट मागे ढकलते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, माल देण्याआधी करून तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशिरावर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मोठ्या खरेदीदाराच्या हिशेबनिसाला व्याजापेक्षा हीच गोष्ट लवकर समजते. निव्वळ व्यापारी म्हणून नोंदणी असेल तर मात्र मुदतीचे हे संरक्षण मिळत नाही, म्हणून नोंदणीत उत्पादन हाच व्यवसाय लिहिलेला आहे याची खात्री करावी.

ऑर्डर गेल्यावर वहीत एका पानावर चार आकडे लिहावेत: चामडे ऑर्डरपासून किती दिवसांत आले, प्रत्यक्षात किती टक्के कामी आले, किती बॅगा दुरुस्तीला गेल्या आणि पैसे किती दिवसांनी मिळाले. त्याच पानाला त्या लॉटचा चार इंचांचा तुकडा, मागे लॉट क्रमांक आणि टॅनरीचे नाव लिहून, पिनने लावावा. खरेदीदाराने सहा महिन्यांनी ‘तोच रंग’ मागितला की टॅनरीला या तुकड्याचा अर्धा भाग कापून पाठवावा आणि अर्धा वहीतच राहू द्यावा.